अकरा सेकंद

१४ ऑगस्ट २०१९, बुधवार. मलांग.

आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: शिरस्त्राणं सात (दोन सदोष निघाली म्हणून मोडली, एक लहान मापाचं). छातीची कवचं पाच. हातमोजे नऊ जोड. पोटऱ्यांची आवरणं चार जोड. पितळी बक्कल एक, कानशीने घासून, अकरा महिन्यांत. आणि काल पुरा झालेला टीव्ही मालिकेतल्या कवचधारी कुनांगचा जळका अवतार, डोक्यापासून टाचेपर्यंत, दोनशे बारा तासांचं काम.

आमच्या कुनांगप्रेमी मंडळाच्या रेंद्राने प्रदर्शनातल्या पाटीसाठी यादी मागितली म्हणून वही उघडली. 'शिक्षण कुठे झालं' असाही एक रकाना आहे. कुठेही नाही, असं लिहिलं. मी मोटरसायकलच्या सीटा शिवतो. फोम, रेक्झिन आणि पिवळा गोंद यांच्याशी तीस वर्षांची ओळख, बाकी सगळं डोळ्यांनी मिळवलेलं. जुन्या टेपा थांबवून, पडद्याला पट्टी लावून मापं घेतली. म्हणून मंडळातले मला 'पाक मिली', म्हणजे मिलिमीटरबुवा, म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण माप अडलं की माझ्याच दुकानात येतात.

यादी बुनेला वाचून दाखवली. आमचा गिलांग जाऊन तेरा वर्षं झाली, तरी मी तिला बुने म्हणतो आणि ती मला पाकने. पोराची आई, पोराचा बाप. सवय सुटत नाही.

"लहान मापाचं कशाला घातलंत यादीत?" ती म्हणाली.

"मी केलंय ते. यादीत येणारच."

"ते प्रदर्शनात जाणार नाही. माझ्या कपाटात आहे, तिथेच राहणार."

नेणार कोण होतं? पण यादी म्हणजे यादी.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी इजेन रस्त्यावर मंडळाची बैठक. रविवारी गाड्या बंद असतात, त्यामुळे दुभाजकाजवळ बसता येतं. कुनांगचा शेवटचा भाग लागला त्याला येत्या ऑक्टोबरात पंचवीस वर्षं होतात. मोठा मेळा भरवायचा, जळका अवतार घालून मी मंचावर यायचं, असं ठरलं.

रेंद्रा अध्यक्ष आहे. पोरगा चांगला, मला ओम म्हणजे काका म्हणतो, पण नजर ढिली. म्हणतो, "ओम मिली, पाठीला चेन लावा. नाहीतर आत शिरायचं कसं? वितळवून ओतणार का तुम्हाला?"

सगळे हसले. मी म्हटलं, "एकोणचाळिसावा भाग, एकोणीस मिनिटं चार सेकंद. पूर्ण पाठ दिसते. चेन दिसते का सांग."

"दिसत नाही म्हणजे नव्हती असं थोडंच?"

"पडद्यावर नाही ते माझ्या कवचावर नाही."

मी आत शिरल्यावर पाठ गोंदाने चिकटवायची, काढताना ब्लेडने कापायची. पंचवीस मिनिटं लागतात. डोळ्यांच्या फटीवरूनही असंच झालं. सहा मिलिमीटरच्या फटीतून बाजूचं काहीच दिसत नाही, दोन सेंटिमीटर करा, असं तो म्हणतो. दोन सेंटिमीटर फट म्हणजे कुनांग नव्हे, शेळीला घातलेलं मुसकं.

बैठक नेहमीसारखी संपवली. ध्वनिक्षेपकावर कुनांगची शेवटची आरोळी, तिच्यात सगळ्यांचा आवाज, मग गुडघ्यांवर अकरा सेकंद, कुणी हलायचं नाही, आणि बाराव्याला उठायचं. शेवटच्या भागात शत्रू त्याला पेटवतो, डावी बाजू जळते, तो आरोळी ठोकतो, कोसळतो आणि अकरा सेकंदांनी उभा राहतो. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा. मालकाने चोर म्हणून हाकललं होतं, शेजाऱ्याच्या दारात उभा राहून तो भाग पाहिला. सोमवारी स्वतःचं दुकान मांडलं. गिलांगला पुरलं तेव्हाही गुडघ्यांवर बसलो, अकरा मोजले, उठलो आणि दुपारी दुकान उघडलं. लोक म्हणाले, पोलादी माणूस आहे.

एकच माप अजून अंदाजाने धरलंय, खांद्यापासून कमरेपर्यंतचं. नामावलीत फक्त देखण्या नटाचं नाव आहे, त्याने तोंड दाखवलं. कवचाच्या आत कोण होता ते कुठेच नाही. तो माणूस सापडला तर माप पक्कं होईल.

८ सप्टेंबर, रविवार

सापडला! एका सभासदाच्या मामाने त्या चित्रीकरणावर मंडप घातले होते. त्याच्याकडून नाव मिळालं, सामिरान. दांपितला मुलीकडे राहतात. स्कूटरने दीड तास.

वय एकाहत्तर, म्हणून मी त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणतो. डावा कान नाही. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, काखेतली कातडी बरगडीला चिकटली आहे. आवाज घोगरा, मध्येच तुटतो. मुलगी नुनिक केळ्याची भजी विकते. तिची चूल घरापासून वीस पावलं लांब, पार कुंपणाजवळ, वर नीट छप्परही नाही. विचित्र मांडणी. पावसात हाल होत असतील.

टेप काढला तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं, "काही शिवणार आहात का?"

"म्बाह, कुनांग करतोय. शेवटचा. तुमचं माप हवं."

"अजून बघतं कुणी ते?"

"बघतं? लोक त्याच्यावर जगतात!"

ते हसले. मग मुलीला हाक मारली. "नुनिक, ऐकलंस? लोक बघतात म्हणे."

सदरा काढून उभे राहिले. उंची एकशे अडुसष्ट. खांदा ते कंबर साडेचव्वेचाळीस, माझा अंदाज चव्वेचाळीस होता! आणि मग मी जे पाहिलं ते अजून खरं वाटत नाही. जळक्या अवताराच्या डाव्या कुशीवर झाडाच्या मुळीसारखा एक डाग आहे. तो मी टेप थांबवून थांबवून, चार महिने घालवून काढला. तोच डाग त्यांच्या अंगावर होता. खिशात त्या डागाचा मापाचा कागद होता, तो लावून पाहिला. फरक फक्त चार मिलिमीटर.

मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी कागदावरच्या डागावरून बोट फिरवलं. म्हणाले, "पाक, तुमची नजर तिखट आहे हो."

एवढं कौतुक मला आजवर कुणी केलेलं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

पुन्हा दांपित. प्रश्नांची यादी नेली होती, चौदा प्रश्न. महत्त्वाची उत्तरं उतरवतो.

पाठीला चेन होती का? होती. पण कॅमेऱ्यात दिसत होती म्हणून त्या दिवशी दिग्दर्शकाने वरून फोमची पट्टी गोंदाने चिकटवायला लावली. म्हणजे माझं बरोबर होतं! रेंद्राला उद्याच कळवतो.

आग खरी होती का? पेट्रोल. वारा फिरला. "कवच सगळं फोम आणि गोंद. तुम्हाला माहीतच असेल ते कसं पेटतं."

हे मला चांगलंच माहीत आहे.

आरोळी चार सेकंदांची आहे, ती नंतर स्टुडिओत घेतली की तिथेच? ते कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसले. नुनिक आतून आली आणि म्हणाली, "पाक, पुढचं विचारा." पुन्हा विचारायला हवं.

दहावा प्रश्न असा होता. उठतानाच्या दृश्यात बक्कलाचं टोक उजवीकडे आहे, आधी सगळीकडे डावीकडे. मी यावर मंडळाच्या पानावर मोठा लेख लिहिला आहे, शक्तीचा प्रवाह उलटतो म्हणून बक्कल फिरतं, असा. लोक त्याचा दाखला देतात. मी म्हटलं, "उठताना तुम्ही बक्कल फिरवलंत ते ठरवून ना?"

"मी नाही उठलो."

"शेवटचं दृश्य म्हणतोय, म्बाह. अकरा सेकंदांनंतरचं."

"तेच. मी ट्रकमध्ये होतो तेव्हा, उसाच्या मोळ्यांवर. दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी नव्हती. चार दिवसांनी माझ्या मदतनिसाला, पोनिदीला, दुसरं कवच घालून उठवलं. तो बुटका होता. पट्टा उलटा बांधला असेल, धांदरटच होता तो." मग हसून म्हणाले, "रोज पस्तीस हजार रुपिया ठरले होते. दिवस पुरा झाला नाही म्हणून अर्धे दिले. साडेसतरा."

उरलेले चार प्रश्न विचारले नाहीत.

१६ सप्टेंबर

घरी येऊन टेप लावली. उठणारा माणूस चार सेंटिमीटरने बुटका आहे. पंचवीस वर्षं दिसत होतं. गुडघे वाकलेले असतील, असं मी धरत आलो.

दुकान उघडलं नाही.

१७ सप्टेंबर

बुनेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे तो उठलाच नाही?"

"नाही. दुसरा होता."

"बरं झालं," ती म्हणाली.

बरं काय झालं, ते विचारलं. सूप उचलून मागच्या पडवीत गेली. बायकांना तपशिलाची गोडी नसते हेच खरं.

मंडळात आत्ता बोलायचं नाही असं ठरवलंय. मेळा होऊ दे. सामिराननाच मंचावर आणायचं, नाव घोषित करायचं. पंचवीस वर्षांनी का होईना, हा माझ्या हातून झालेला न्याय ठरेल.

२९ सप्टेंबर, रविवार

जकार्ताहून फेलिशा नावाच्या बाईंचा फोन. त्यांची कंपनी कुनांग नव्याने काढते आहे. मूळ कवचं नष्ट झालीत, माझ्या जळक्या अवताराचे फोटो त्यांनी पाहिलेत, मेळ्याला येणार आहेत. "पाक, तुमचं काम म्हणजे वेड आहे वेड!" असं म्हणाल्या. मी म्हटलं, वेड नाही, मोजमाप.

दुपारी दांपित. म्हातारबुवा यायला तयार आहेत. नवा बाटिकचा सदरा घेतलाय, घडीही मोडलेली नाही. मला दहादा विचारलं, "टाळ्या वाजवतील का हो?" नुनिक मात्र मला कुंपणापर्यंत सोडायला आली.

"पाक, आग नाही ना?"

"काडीसुद्धा नाही."

"धूर? फटाके?"

"काहीच नाही. शब्द देतो."

"त्यांना अजून झोपेत..." एवढंच म्हणून थांबली. मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्या शेजारी राहाल ना?"

"हातभर अंतरावर."

६ ऑक्टोबर, रविवार

क्रम चुकता कामा नये म्हणून नीट लिहितो.

साडेआठला मला कवचात बसवलं. रेंद्राने पाठ चिकटवली. चिकटवताना म्हणाला, "ओम, शेवटचं विचारतो, चेन?" मी नाही म्हणून मान हलवली. शिरस्त्राण घातल्यावर समोरची चार बोटांची पट्टी दिसते, बाजूचं शून्य.

नऊ दहाला सामिरान मंचावर आले, माझ्या डावीकडे खुर्चीवर. रेंद्राने नाव घेतलं. चारशेच्या वर लोक होते. टाळ्या दोन मिनिटं चालल्या. मला ते दिसत नव्हते, पण ऐकू आले. "अरे देवा, एवढी माणसं," असं म्हणत होते, हसत होते. हे सुख मी त्यांना दिलं, हे विसरू नये.

नऊ एकवीसला शेवट करायचा म्हणून रेंद्राने आरोळी लावली. मोठे ध्वनिक्षेपक होते, आठ. मूळ टेपवरून साफ केलेला आवाज, तोही मीच साफ केलेला. चार सेकंद. त्याच्यात चारशे गळे.

मग सगळे गुडघ्यांवर. मीही. शांतता.

एक. दोन. डावीकडून खुर्ची पडल्याचा आवाज आला. तीन. "विझवा," असं कुणीतरी म्हणालं. चार. पाच. "चेन उघडत नाही. चेन काढा रे. विझवा." घोगरा आवाज. मी ओळखला. मला वाटलं, काय कलावंत आहे, पंचवीस वर्षांनी तेच दृश्य उभं करतोय. अंगावर काटा आला. सहा. सात. "पोनिदी, पाणी." आठ. कुणी हललं नाही. अकरापर्यंत हलायचं नाही, हा नियम, आणि तो मीच घालून दिलेला. नऊ. दहा. अकरा.

मी पूर्ण मोजले.

बाराव्याला उठलो, चारशे जण उठले, टाळ्यांचा कडकडाट. मी डावीकडे वळलो तेव्हा चार बोटांच्या पट्टीत नुनिक दिसली. ती मंचावर पालथी पडून बापाला अंगाखाली धरून होती. ते दोन्ही हातांनी नवा सदरा फाडत होते.

मी वाकलो. तर ते मला बघून किंचाळले.

मला बघून. जळक्या कुनांगला.

शिरस्त्राण काढता येईना. पाठ कापायला सव्वीस मिनिटं लागली. तोवर नुनिक त्यांना रिक्षात घालून घेऊन गेली होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दांपितला तीनदा गेलो. नुनिक कुंपणाशीच उभी राहते. आत घेत नाही, हाकलतही नाही. म्हणाली, ते बोलत नाहीत, अंगणात बसतात, घरात दिवा लावू देत नाहीत. आज भज्यांची पुडी हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

कुणीतरी मेळ्याचं चित्रण टाकलंय. मथळा, 'खऱ्या कुनांगचा अंगावर काटा आणणारा अभिनय'. वीस लाख लोकांनी पाहिलं. खाली सगळे रडणारे चेहरे, हृदयं.

रेंद्राला दुकानात बोलावून सगळं सांगितलं. आरोळी कुणाची, कशाची, उठला कोण. तो सीटेच्या फोमवर बोट दाबत बसला.

"ओम, हे लोकांना सांगायचं?"

"सांगायला हवं."

"मग दर महिन्याला आपण करायचं काय?"

मग म्हणाला, "माझे वडील वारले तेव्हा मी पण अकरा मोजले होते. तुमचंच बघून."

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सामिरान पहाटे गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच निकामी होती. आधीच म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही.

पोचलो तेव्हा कबर खणणारा अंगणात उभा होता. माप घ्यायला बांबू हवा, म्हणत होता. नुनिक म्हणाली, "त्यांना विचारा. त्यांच्याकडे माप आहे."

एकशे अडुसष्ट, मी सांगितलं. खांदे एकेचाळीस. कागद बघावा लागला नाही. खणणाऱ्याने टिचभर जास्त धरलं. मी धरू दिलं.

माती देताना माझ्याही हातात फावडं आलं. लोक पांगले, नुनिक थांबली. म्हणाली, "त्या दिवशी टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्याकडे वळून बघितलं होतं त्यांनी. एवढंच चांगलं झालं." नंतर म्हणाली, "आता येऊ नका, पाक."

२८ ऑक्टोबर

जळक्या अवताराची डावी कूस ब्लेडने खरवडली. रंग, मग फोम. मुळीसारखा डाग सगळा काढला. नऊ तास. दोनशे बारा तासांतले नव्वद तर त्या डागाचेच होते. खाली कोरा फोम लागला, सीटेला लावतो तसलाच.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी बुने गिलांगच्या कबरीवर फुलं घालायला जाते. तेरा वर्षांत मी सोबत गेलो नव्हतो. उठलो होतो ना एकदा, मग पुन्हा बसायचं कशाला, असं वाटायचं. आज तिच्या मागून गेलो.

तिच्या पिशवीत फुलांखाली ते लहान मापाचं शिरस्त्राण होतं. दर गुरुवारी आणते म्हणे. फुलं वाहायची, ते शेजारी ठेवायचं, जाताना परत न्यायचं. पोराने ते तीनदाच घातलं होतं. फट मी सहा मिलिमीटरचीच ठेवली होती. "बापा, काहीच दिसत नाही," म्हणायचा. मी म्हणायचो, कुनांगला दिसतं.

गुडघ्यांवर बसलो. मोजायला सुरुवात झाली आपोआप, चारवर थांबवली. मग काय झालं ते नीट लिहिता येत नाही. आवाज माझाच होता. बुने म्हणत होती, "असू दे. असू दे, पाकने." किती वेळ गेला, माहीत नाही. उठता येईना तेव्हा तिने काखेत हात घालून उठवलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

फेलिशाबाई दुकानात आल्या. जळका अवतार हवा आहे, नव्या मालिकेच्या पहिल्या भागासाठी. कूस खरवडली आहे असं दाखवलं. "त्याची काळजी नको, पाक, तुम्हीच पुन्हा कराल. तुमच्याशिवाय तो डाग कुणाला जमणार?" आणि मेळ्यातल्या त्या चित्रणाचे हक्कही हवेत, आवाजासकट. "आरोळी आणि ते अकरा सेकंद आम्हाला जसेच्या तसे घ्यायचे आहेत. लोकांच्या काळजाला भिडलंय ते." नुनिकला विचारलं का, म्हटलं. म्हणाल्या, मंडळाच्या कार्यक्रमाचं चित्रण आहे, मंडळाच्या वतीने तुमची सही चालते, रेंद्राने तुमच्याकडेच पाठवलं.

कागद नीट वाचला. तिसऱ्या कलमात कुनांगची उंची एकशे चौसष्ट लिहिली आहे. पोनिदीची. चूक दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढं कोण बघतं, पाक?"

सही केली नाही. देऊ केलेली आणि मी नाकारलेली रक्कम, कवच आणि आवाज मिळून: साडेसतरा कोटी रुपिया.